जलरंगात तलाव दर वेळी बिघडतो? मे महिन्यापासून श्रावणापर्यंत तपासायच्या गोष्टी

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चित्रकला शिकवतो. वीसेक वर्षं झाली. रविवारच्या वर्गाला शाळेतली पोट्टी येतात, दोन शिक्षिका येतात, बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. वय वेगळं, हात वेगळा, पण अडतात सगळे एकाच ठिकाणी. आमच्याकडे तलाव किंवा बोडी (छोटा तलाव) काढल्याशिवाय निसर्गचित्र पुरंच होत नाही, आणि कागद माझ्यासमोर धरून वाक्य तेच येतं : "सर, आभाळ चांगलं जमलं होतं जी, पाण्यानं घात केला. काहून असं होते?"

इतक्या वेळा तेच दुरुस्त केलंय की आता चित्र बघण्याआधी मी आधी खिडकी बघतो आणि मग पाण्याचा डबा. का, ते पुढं येईलच. आधी तुमच्या चित्राला नेमकं काय झालंय ते ओळखा.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे फुलकोबी. सपाट, शांत पाण्याच्या मधोमध फिकट डाग, आणि त्याच्या कडेला दातेरी, गडद किनार. इंग्रजी पुस्तकांतही याला याच भाजीचं नाव आहे.

दुसरं, गाळ. निळा लावला, हिरवा लावला, वरून थोडा तपकिरी लावला, आणि शेवटी भांडी घासल्यावर उरतं तसलं करडं पाणी कागदावर उरलं.

तिसरं, पाणी उभं राहतं. म्हणजे तलाव जमिनीवर पसरलेला न दिसता निळी भिंत उभी केल्यासारखा दिसतो, किंवा एका बाजूला ओतला जाईल असा तिरका.

चौथं, प्रतिबिंब चिकटवल्यासारखं. झाड वर, तेच झाड उलटं खाली, मध्ये पाणी कुठंच नाही.

पाचवं, रंगात दाणे आणि गुठळ्या दिसतात, जिथं तुम्हाला गुळगुळीत पाणी हवं होतं तिथं.

सहावं, ब्रश टेकताच रंग कागदात शिरतो, हलत नाही, बारीक बारीक गडद ठिपके पडतात.

एकाच चित्रात दोन-तीन लक्षणं असतील तर घाबरू नका, तसंच असतं. खालच्या क्रमानं तपासत जा. पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, आणि माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त चित्रं तिथंच सुटतात. नवा कागद आणायला नागपूरला जाणं हे शेवटचं काम, पहिलं नाही. लोक उलटं करतात.

पहिली तपासणी : वारा कुठून येतो आणि तुमचा हात कधी परत येतो

फुलकोबी का होते ते एकदा समजून घेतलं तर पुढची दहा वर्षं कामाला येतं. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर, अर्धा वाळलेला असतो. त्यावर तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त ओला ब्रश टेकवता. हे जादा पाणी आजूबाजूच्या कमी ओल्या भागाकडे सरकतं, सरकताना रंगाचे कण ढकलत नेतं, आणि जिथं त्याची ताकद संपते तिथं ते कण टाकून देतं. म्हणून आत फिकट, कडेला गडद. आमच्या नदीला पूर येऊन गेला की काठावर काडीकचऱ्याची रेघ राहते ना, तसंच.

आता खरी मेख. कागदाच्या तीन अवस्था असतात. ओला कागद तिरक्या उजेडात आरशासारखा चमकतो. तेव्हा रंग टाका, पसरवा, काहीही करा. पूर्ण कोरडा कागद मंद दिसतो आणि हाताला गार लागत नाही. तेव्हा वरचा थर द्या. या दोन्हींच्या मध्ये दमट अवस्था असते. चमक गेलेली, दिसायला कोरडा, पण बोटाची उलटी बाजू कागदाच्या कोपऱ्याला लावली तर गार लागतो. गार लागतो म्हणजे पाणी अजून उडतंय. या वेळात ब्रश टेकवायचा नाही. आणि नेमका याच वेळात प्रत्येकाला आपल्या पाण्यात एक "छोटीशी" दुरुस्ती दिसते.

व्हिडिओत सांगतात, पाच मिनिटं थांबा. कुठली पाच मिनिटं? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा भाकरीच्या तव्यासारखी कोरडी असते. दुपारी वॉशची चमक मिनिट-दोन मिनिटांत उडते. तलावाचा वरचा काठ संपवून खालच्या काठाला येईपर्यंत वरचा भाग दमट झालेला असतो. याच्या उलट श्रावणात. झड लागलेली असताना तोच वॉश अर्धा तास दमट बसतो, आणि पोट्ट्यांचा धीर दहाव्या मिनिटाला सुटतो. म्हणून घड्याळ सोडा, चमक बघा.

आता खिडकी. आमचे बँकेतले काका सलग तीन महिने चित्रं आणायचे, प्रत्येकात डाग, आणि प्रत्येक डाग उजवीकडे. आम्ही ब्रश बदलला, कागद बदलला, रंगाची ट्यूबही बदलली. शेवटी त्यांच्या घरी चहाला गेलो तेव्हा कळलं. त्यांच्या टेबलाच्या उजव्या हाताला कूलर. एक तर त्या बाजूचा कागद आधी वाळायचा, म्हणजे एकाच वॉशला दोन वयं. वर ताट्यांमधून उडणारे बारीक थेंब थेट चित्रावर. मी आधी घरी का गेलो नाही याची मला आजही लाज वाटते, तीन महिन्यांचा कागद फुकट गेला. तेव्हा वॉश देताना कूलर बंद, पंखा बंद. घाम पुसायला गमछा जवळ ठेवा, कपाळावरचा थेंबही फुलकोबी करतो.

पाटीचा उतार आत्ताच बघून घ्या. बोर्डाच्या वरच्या बाजूखाली एखादं जाड पुस्तक ठेवा. त्यामुळं रंगाचा ओघ खाली उतरत राहतो आणि खालच्या कडेला थेंबाची माळ साठते. ही माळ पिळलेल्या ब्रशनं टिपून घ्यायलाच हवी. तशीच सोडली तर वरचं वाळत असताना खालचं पाणी उलटं वर चढतं, आणि चित्राच्या तळाशी फुलकोबीची रांग उगवते. ही चूक इतकी वेळा होते की तळाशी डाग दिसला की मी पुढचं काही विचारतच नाही.

उन्हाळ्यासाठी माझा उपाय असा. सकाळी सहाला बसा. कागद मागून-पुढून दोन्हीकडून भिजवा आणि सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवा. मागचं पाणी पुढच्याला धरून ठेवतं आणि तुम्हाला दोनाची आठ-दहा मिनिटं मिळतात. रंग आधी वाटीत कालवून ठेवा, भरपूर. मधेच रंग संपला आणि नवा कालवायला बसलात तर वॉश गेलाच म्हणून समजा. आणि ब्रश मोठा घ्या. सहा नंबरच्या ब्रशनं तलाव भरणं म्हणजे चमच्यानं बोडी उपसणं.

झालेल्या फुलकोबीचं काय? आधी कडक वाळू द्या. मग स्वच्छ दमट ब्रशनं फक्त गडद किनार हलकेच चोळा आणि सुती कापडानं टिपा. निळ्यांमध्ये अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उठतो. प्रशियन ब्लू आणि थॅलो ब्लू कागदात मुरतात, ते उठायचे नाहीत. मग त्या डागाचा शिंगाड्याच्या वेलींचा ताटवा करा किंवा काठावरचं बेशरमाचं झुडूप. आमच्या तलावांना दोन्हींची कमी नाही, कोणी शंका घेत नाही.

दुसरी तपासणी : चित्र उलटं धरा

पाणी उभं राहतंय किंवा प्रतिबिंब चिकटवल्यासारखं दिसतंय, तर चित्र डोक्यावर उलटं करा आणि हात लांब करून बघा. मोबाइलवर फोटो काढून आरशासारखा उलटवला तरी चालतो. डोळ्याला चुकीची सवय झालेली असते, उलटं केलं की ती मोडते आणि तिरका काठ लगेच खटकतो.

साचलेल्या पाण्याची पातळी आडवीच असते. तलाव गोल असला तरी पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) बघताना तो चपटा, लांबट दिसतो आणि पलीकडचा काठ जवळजवळ सरळ रेघ होतो. पोट्टी तलाव भाकरीसारखा गोल काढतात, कारण त्यांना तो गोल आहे हे माहीत असतं. तिथंच पाणी उभं राहतं. लाटांच्या रेघाही तशाच. जवळच्या जाड आणि विरळ, दूरच्या बारीक आणि दाट. सगळ्या सारख्या काढल्या तर तलाव पन्हाळी पत्रा होतो.

प्रतिबिंबाबद्दल चार गोष्टी तपासा. एक, प्रतिबिंब त्या वस्तूच्या सरळ खाली उतरतं. डावीकडे झुकलेली सिंदी पाण्यातही डावीकडेच झुकते. दोन, प्रतिबिंब ही चित्राची घडी नाही. पाणी त्या वस्तूकडे खालून बघतं, म्हणून पाळीच्या मागं पन्नास पावलांवर असलेलं देऊळ आपल्याला अर्धं दिसलं तर पाण्यात फक्त कळस दिसतो, कधी तोही नाही. नवेगावबांधच्या तलावाला पाळीवर उंच उभे राहून बघा, मागच्या डोंगराचं प्रतिबिंब डोंगरापेक्षा आखूड दिसेल. तीन, पांढरा बगळा पाण्यात थोडा मळतो आणि काळी म्हैस पाण्यात थोडी फिकी होते. वर आणि खाली तोच रंग तितकाच लावला की चिकटवल्यासारखं दिसणारच. चार, वारा असेल तर प्रतिबिंब खालच्या बाजूनं लांबतं आणि तुटतं, रुंदीला मात्र फारसं वाढत नाही.

याच्यावर मी भाषण देत नाही, परात देतो. अंगणात पितळी परातीत पाणी भरा, शेजारी विटेवर एक ब्रश उभा करा, आणि मांडी घालून बसा. वरून सरळ खाली बघितलं तर तळ दिसतो, कारण तशा कोनात पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत पाठवतं. डोकं खाली, परातीच्या कडेला आणा, तळ नाहीसा होतो आणि आभाळ दिसायला लागतं. चित्रातल्या तलावाचंही हेच. पायाजवळचं पाणी स्वतःचा रंग दाखवतं, दूरचं पाणी आभाळाचा. आता परातीत मूठभर माती कालवा. ब्रशची सावली पाण्यावर पडलेली दिसेल. स्वच्छ पाण्यावर ती जवळजवळ दिसतच नव्हती. म्हणून पावसाळ्यातल्या वैनगंगेवर डोंग्याची (छोट्या नावेची) सावली काढायची आणि जानेवारीतल्या निवळ तलावावर प्रतिबिंबावर भागवायचं. एका तासात जेवढं कळतं तेवढं माझ्या महिनाभराच्या बडबडीनं कळत नाही, हे पोट्ट्यांनीच मला सांगितलं.

तिसरी तपासणी : डब्यातलं पाणी

दोन डबे लागतात. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी फक्त रंगात घ्यायचं. एकाच डब्यात सगळं चाललं की चौथ्या-पाचव्या वेळेला तुम्ही स्वच्छ पाणी समजून करडा रंगच लावत असता. लक्षण दोनचा गाळ पुष्कळदा डब्यातूनच येतो.

मग पाणी आलं कुठून ते बघा. बोअरचं पाणी अनेक गावांत क्षारांचं आहे. कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो ना, तोच. तपासायला स्टीलच्या ताटात दोन थेंब ठेवा, एक बोअरचा, एक आरओच्या कॅनमधला, आणि वाळू द्या. बोअरच्या थेंबाची पांढरी चकती ठळक राहिली तर ते पाणी रंगात घेऊ नका. क्षारांमुळं रंगाचे बारीक कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि गुळगुळीत पाण्याच्या जागी रवा सांडल्यासारखं दिसतं. पावसाचं पाणी, पहिले दोन-तीन पाऊस सोडून, फुकट आणि उत्तम. मी पावसाळ्यात दोन कळश्या गाळून भरून ठेवतो.

एक गोष्ट आमच्या भागाची खास. गढूळ पाणी निवळायला घरोघरी तुरटी फिरवतात. एका शाळेत वर्गाच्या माठातलं पाणी घेऊन सगळी मुलं रंगवायला बसली, आणि पंचवीसच्या पंचवीस चित्रांत निळा रंग दाणेदार. तुरटीचं कामच असतं पाण्यात तरंगणाऱ्या कणांचे पुंजके करून त्यांना खाली बसवणं. तिला माती आणि अल्ट्रामरीन यात फरक कळत नाही.

हे सांगून ठेवतो की अल्ट्रामरीन चांगल्या पाण्यातही थोडा दाणेदार बसतो, त्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. तो दोष नाही. वाळूच्या काठाला, उथळ पाण्याला तो छान दिसतो. आरशासारखं पाणी हवं असेल तेव्हा थॅलो ब्लूचा अगदी पातळ वॉश घ्या.

चौथी तपासणी : रंग

गाळ अजूनही होतोय तर मोजा, एका जागी किती रंग गेलेत. दोन ठीक, तीन चालतील, चौथ्यापासून चिखल. रंग जेवढे जास्त, तेवढा उजेड जास्त शोषला जातो आणि खालचा पांढरा कागद दिसेनासा होतो. जलरंगात सगळा उजेड त्या कागदातूनच येतो.

स्वस्त वड्यांमध्ये पांढरी पूड भरलेली असते. तपासायला कागदावर काळ्या पक्क्या मार्करची रेघ ओढा, वाळली की तिच्यावरून प्रत्येक रंगाचा पट्टा काढा. ज्या रंगाचा पांढरट पडदा रेघेवर दिसतो तो अपारदर्शक आहे. त्याला पाण्यातून काढून काठावरच्या मातीत वापरा. पोस्टर कलरचा पांढरा तर पाण्यात मिसळूच नका. चमकतं पाणी हवं असेल तर पांढरं वरून लावायचं नसतं, राखायचं असतं. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून खडबडीत कागदावरून झर्रकन ओढला की उन्हाचे तुकडे आपोआप सुटतात. मेणबत्तीचा तुकडा वॉशच्या आधी घासला तरी तिथं रंग धरत नाही. फक्त ते मेण परत निघत नाही, विचार करून घासा. मास्किंग फ्लुइड (पांढरी जागा राखायला लावतात तो रबरी द्रव) उन्हाळ्यात लावून चित्र उन्हात ठेवू नका, उष्णतेनं ते कागदाला धरतं आणि काढताना साल घेऊन येतं.

आणि पाणी निळं असतं हे कुणी सांगितलं? आमचे मामा तलाव शेवाळी हिरवे. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, नाव मात्र तलावांनी सांभाळलं. बाहेरगावचे लोक कोणाचे मामा म्हणून विचारतात.) रोवणीच्या दिवसांत बांधीतलं (भातशेतातलं) पाणी तांबूस, त्यात पऱ्ह्यांचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, हिरवा. पुरातली वैनगंगा चहासारखी. आणि लोणारचं सरोवर तर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, खारं पाणी आटल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. ट्यूबमधला निळा सरळ काढून लावण्याआधी समोर बघा. गढूळ पाण्यासाठी मी बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी रंगात) चिमूटभर अल्ट्रामरीन घेतो, आणि दूरच्या टोकाला जाताना ते प्रमाण उलटं करत नेतो. एवढ्यानं पाणी आडवं पडायलाही मदत होते.

कोल्हापूरला चित्रकार आबालाल रहमान यांनी कोटितीर्थ तलावाच्या परिसराची जलरंगातली चित्रं केली आहेत. छापील प्रत मिळाली तरी पाण्यात रंग किती थोडे आहेत ते मोजून बघा.

पाचवी तपासणी : कागद

खर्च इथून सुरू होतो. शाळेचा कार्ट्रिज कागद एका वॉशपुरता ठीक. दुसऱ्या वॉशला तो फुगतो, त्याच्या लाटा होतात, खळग्यात रंग साठतो, आणि पुन्हा फुलकोबी. कितीही चांगला हात असला तरी. तलावासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, शक्यतो कॉटनचा कागद घ्या. २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव घेऊन त्याचे चार तुकडे केले तर पॅडपेक्षा स्वस्त पडतो, आणि दोन्ही बाजू वापरता येतात. रोजचा सराव कार्ट्रिजवरच करा, फक्त त्याच्याकडून एकापेक्षा जास्त वॉशची अपेक्षा ठेवू नका.

लक्षण सहा मात्र महागड्या कागदालाही होतं, आणि आमच्याकडे हमखास पावसाळ्यानंतर. कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते. तिच्यामुळं रंग वर थांबतो आणि आपल्याला हलवता येतो. ओल धरलेल्या खोलीत वर्ष-दोन वर्षं कागद पडला की ही खळ मरते, मग तो टीपकागद होतो. तपासणी सोपी आहे. कोपऱ्यात स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर बघा. थेंब फुगून बसला तर कागद जिवंत. लगेच आत शिरून गडद डाग पडला तर त्याच्यावर तलाव काढू नका, पेन्सिल आणि कोळशासाठी ठेवा. मी आता ताव प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवतो, पेटी भिंतीपासून दूर, विटांवर. कवेलूच्या (कौलारू) घरात भिंतीला टेकवलेला कागद दसऱ्यापर्यंत टिकत नाही.

इथं थांबा

दोनदा रंग उचलून झाला, आणि तिसऱ्यांदा घासताना कागदाचा भुसा निघायला लागला, की ब्रश खाली ठेवा. ते चित्र आता कुणीच वाचवू शकत नाही, मी नाही आणि मुंबईचा कोणी मोठा चित्रकारही नाही. मागच्या बाजूवर नवं सुरू करा.

जुन्या चित्राला, घरातल्या कुणाच्या हातच्या, बुरशीचे ठिपके आले असतील किंवा पुराच्या पाण्यात ते भिजलं असेल, तर वरचं काहीही करून बघू नका. ओल्या कापडानं पुसलं तर जलरंग विरघळतो आणि बुरशी आणखी पसरते. उन्हात टाकलं तर रंग उडतो आणि कागद पिवळा पडतो. सावलीत, कोरड्या जागी, इतर चित्रांपासून वेगळं, सपाट ठेवा आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. फ्रेमवाला हा तो माणूस नव्हे. काच बदलताना बुरशी आतच बंद करून दिलेली मी पाहिली आहे.

पन्नाशी-साठी उलटलेल्यांनी आणखी एक करावं. वर्गातले इतर लोक म्हणताहेत तुमचं पाणी फार पिवळट किंवा फार गडद आहे आणि तुम्हाला ते दिसत नाही, तर रंगांची ट्यूब बदलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोतीबिंदू निळा रंग खातो. पाण्यातली कमळं रंगवणाऱ्या क्लोद मोनेलाही तो होता, १९२३ मध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली. आमच्या एका शिक्षिकाबाईंना शस्त्रक्रियेनंतर आपली जुनी चित्रं बघून हसू आलं होतं. एखादा मुलगा सतत हिरव्या-तपकिरीत गोंधळत असेल तर त्याचीही रंगदृष्टी तपासून घ्या. त्याला रागावून उपयोग नाही.

आणि हे सगळं तपासूनही सलग पाच चित्रांत तोच दोष येत असेल, तर सहावं एकट्यानं काढू नका. जलरंगात रोज काम करणाऱ्या माणसाशेजारी बसा. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथून शिकून गेलेले कलाशिक्षक विदर्भातल्या कितीतरी शाळांत आहेत, जवळचा कोण ते विचारून काढा. जाताना तयार चित्राचा फोटो नेऊ नका, फोटोत फक्त डाग दिसतो. तुमचा नेहमीचा ब्रश, तोच कागद आणि घरच्या पाण्याची बाटली सोबत न्या, आणि त्यांच्यासमोर एक तलाव पहिल्यापासून भरा. त्यांना तुमच्या हातापेक्षा तुम्ही कधी थांबता तेच बघायचं असतं.